मोठा कस्टम इनटेक बनवायचाय? पाइप कापायच्या आधी हे वाचा

बऱ्याच जणांच्या डोक्यात इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग) म्हणजे एक जाड चकचकीत पाइप आणि पुढे कोन म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर, लावला की गाडी सुसाट. आवाज बदलतो हे खरंय, बॉनेटखालून तो खोल घुर्र आवाज यायला लागला की पिकअप वाढल्यासारखं वाटतंच, पण कानाला वाटणं आणि चाकापर्यंत पोचणं यात फरक आहे. माझं सरळ मत सांगतो, पाइप जाड करणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी फायद्याचा भाग आहे. कमाई आहे गार हवेत, आणि मेहनत आहे एअरफ्लो सेन्सरचा (आत जाणारी हवा मोजणारा) हिशोब परत बसवण्यात. हे दोन जमणार नसेल तर कंपनीचा एअर फिल्टरचा डबा ठेवा, त्यात स्वच्छ फिल्टर टाका आणि मजेत गाडी चालवा, काही बिघडत नाही.

तर आधी मोजायचं. तुमच्या गाडीत हवा अडतेय का आणि अडतेय तर कुठे, हे कळल्याशिवाय काहीही कापू नका. सगळ्यात स्वस्त चाचणी अशी, गाडीत मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर असेल आणि टर्बो नसेल तर स्कॅनर लावा, चावी ऑन पण इंजिन बंद ठेवा आणि त्या सेन्सरचं रीडिंग बघा, तो झाला बाहेरच्या हवेचा दाब, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास, उंचावर राहत असाल तर कमी. मग डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणारं मशीन) किंवा बंद ट्रॅकवर (रस्त्यावर नाही, प्लीज) फुल थ्रॉटल (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून) देऊन वरच्या आरपीएमपर्यंत जा आणि तेच रीडिंग लॉग करा. समजा आधी ९९ होतं आणि वर ९५ दिसलं, म्हणजे फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) सगळं मिळून ४ किलोपास्कल गेले, म्हणजे ढोबळमानाने ४ टक्के हवा, आणि ताकदही जवळपास तेवढीच. फरक एकच किलोपास्कल दिसला तर समजा कंपनीने काम नीट केलंय आणि तुमच्या नवीन पाइपला जिंकायला फारसं काही उरलेलं नाही.

पण एकूण आकडा कळून भागत नाही, जागा कळायला हवी. त्यासाठी पारदर्शक नळीचा यू आकार करा, त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक मोकळं आणि दुसरं टोक एका लांब होजने डब्यात फिल्टरच्या आधी, मग फिल्टरच्या नंतर, मग थ्रॉटलच्या अलीकडे असं एकेका ठिकाणी जोडून दरवेळी तोच फुल थ्रॉटलचा रन. दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे १ किलोपास्कल. नळी भरपूर उंच ठेवा, मीटरभर तरी, नाहीतर पाणी ओढलं जाऊन इनटेकमध्ये जाईल. पाण्याची भानगड नको असेल तर छोटा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर वापरा. बहुतेक वेळा हे मोजल्यावर लोक चक्रावतात, कारण गुन्हेगार पाइप नसतोच, तो असतो डब्याच्या तोंडाशी असलेला अरुंद नळकांड्याचा तुकडा, किंवा फिल्टर, किंवा मधला तो घड्या पडलेला रबरी होज.

आता पाइप केवढा घ्यायचा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढतं, म्हणून लिटर गुणिले आरपीएम भागिले दोन, आणि त्याला भरण्याच्या कार्यक्षमतेने गुणा, साध्या पेट्रोल इंजिनाला वरच्या आरपीएमवर ९० टक्के धरून चला. २ लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमला मिनिटाला सुमारे ५८५० लिटर, म्हणजे सेकंदाला ९७-९८ लिटर हवा ओढतं. ही हवा ६३ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून सेकंदाला सुमारे ३१ मीटरने जाते, ७० मिमीतून २५ ने, ७६ मिमीतून साडेएकवीसने आणि ९० मिमीतून १५ ने. पाइपातलं नुकसान गतीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, २५ मीटरला गतीचा दाब (हवेच्या वेगामुळे येणारा) असतो साधारण ३८० पास्कल आणि १५ मीटरला १४०. म्हणजे ७० वरून थेट ९० वर गेलात तरी वाचले किती, पाव किलोपास्कल, म्हणजे पाव टक्का! आणि त्या बदल्यात बॉनेटखाली जागा गेली, सेन्सरचं रीडिंग बिघडलं आणि वेल्डिंगचं काम वाढलं. म्हणून टर्बो नसलेल्या २ लिटरला ७० ते ७६ च्या पुढे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, आणि थ्रॉटल बॉडीपेक्षा फार मोठा पाइप तर नकोच.

टर्बोचं गणित वेगळं. एक बार बूस्टला (टर्बोने वाढवलेला जादा दाब) तेच इंजिन जवळपास दुप्पट हवा खातं, गती दुप्पट म्हणजे नुकसान चौपट, आणि वर कॉम्प्रेसरच्या (टर्बोचा हवा दाबणारा पंखा) आधी गेलेला प्रत्येक किलोपास्कल प्रेशर रेशोने, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरचा दाब भागिले आधीचा दाब याने, गुणला जातो, रेशो २ असेल तर आधी गेलेले २ किलोपास्कल पुढे ४ चा फटका देतात, नाहीतर तेवढ्यासाठी टर्बोला जास्त फिरावं लागतं. त्यामुळे टर्बो गाडीत मोठा इनटेक खरंच दिसतो, तिथे ७६-८० मिमी मनापासून घ्या. फक्त तिथला होज तारेचा किंवा कापडाच्या जास्त थरांचा घ्या, साधा मऊ होज फुल बूस्टला आत ओढला जाऊन चपटा होतो आणि मग माणूस विचारत बसतो की वरच्या आरपीएमला गाडी का गुदमरते.

व्यासापेक्षा जास्त फरक पडतो तोंडाच्या आकाराने आणि वळणांनी. कापलेला पाइप तसाच डब्यात पुढे आलेला ठेवला तर तोंडाशीच गतीच्या दाबाच्या ८० टक्के ते जवळपास पूर्ण एवढं नुकसान होतं, भिंतीशी सपाट लावला तर निम्मं, आणि कर्ण्यासारखं गोलाई दिलेलं तोंड केलं तर पाच टक्क्यांच्या आत येतं. एवढासा हा बेलमाउथ (गोलाईचं तोंड), पण पाइप एक साइज वाढवल्यापेक्षा जास्त देऊन जातो. वळणं मँड्रेल बेंडची (आत दांडा घालून गोलाई न बिघडवता वाकवलेली) घ्या, मधल्या रेषेची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी हवी, दाबून वाकवलेला पाइप आतल्या बाजूने चपटा होतो तो नको. जिथे लहान पाइप मोठ्याला मिळतो तिथे हळूहळू रुंद होणारा शंकूसारखा तुकडा ठेवा, दोन्ही बाजूंचा मिळून उतार १० अंशांच्या आसपास, एकदम उघडलं की हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात. उलट, म्हणजे मोठ्यातून लहानात जाताना एवढी काळजी नाही, तिथे थोडा झपकन उतार चालतो.

आता गार हवा, माझा आवडता विषय. हवेची घनता केल्विन तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) उलट चालते, ३० अंशांची हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालची ६० अंशांची ओढली तर ३०३ भागिले ३३३, म्हणजे ९ टक्के हवा गेली. नऊ! वर आपण पाव टक्क्यासाठी डोकं फोडत होतो. शिवाय गरम हवेने नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप भडकणं) वाढतं म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, तो फटका वेगळाच. म्हणून गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी उघडा कोन फिल्टर लावणं म्हणजे स्वतःहून ताकद कमी करणं आहे, कितीही भारी दिसला तरी. फिल्टरला डबा करा, बंद डबा, ज्याची वरची कड बॉनेटच्या आतल्या बाजूला रबरी बीडिंगने टेकते किंवा ज्याला स्वतःचं झाकण आहे, आणि त्याला बाहेरची हवा येईल असा डक्ट द्या, ग्रिलमागून किंवा हेडलाइटच्या बाजूने. डक्टचं तोंड पाइपपेक्षा मोठंच असू द्या.

रॅम एअरबद्दल (गाडीच्या वेगाने समोरची हवा आत दाबणं) फार बोललं जातं, तर १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा सगळा दाब पकडला तरी तो अर्ध्या किलोपास्कलच्या आतच भरतो. २०० ला चौपट, पण तिथे रोज कोण जातंय. त्यामुळे डक्ट समोर आणायचा तो गार हवेसाठी, दाबासाठी नाही.

आणि खाली नेऊ नका. बंपरच्या तळाशी फिल्टर लावलेले इनटेक दिसतात, हवा मस्त गार मिळते, पण साचलेल्या पाण्यात गाडी गेली की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड हेडलाइटच्या उंचीला ठेवा, डब्याच्या तळाला छोटं ड्रेन भोक ठेवा.

मटेरियल पटकन सांगतो. दीड ते दोन मिमी जाडीचा अॅल्युमिनियम पाइप बेस्ट, वजन कमी, टिग वेल्डिंग होतं. तो तापतो म्हणून लोक नाकं मुरडतात, पण फुल थ्रॉटलला हवा अर्ध्या मीटरच्या पाइपातून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात निघून जाते, तेवढ्यात ती काय तापणार, फरक पडतो तो आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि ट्रॅफिकमध्ये. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए अजिबात नको, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, एएसए किंवा नायलॉन घ्या. पाण्याच्या लाइनचा पीव्हीसी पाइपही इंजिनजवळ मऊ पडतो, मापाचा डमी करायला वापरा, कायमचा नको. जोडांना सिलिकॉन कप्लर, आणि पाइपच्या कडेला बीड म्हणजे गोल उंचवटा काढून घ्या, नाहीतर होज घसरतो. इंजिन माउंटवर हलतं, डबा बॉडीला घट्ट असतो, त्यामुळे मध्ये कुठेतरी लवचिक तुकडा आणि पाइपला रबर बुशचा एक ब्रॅकेट पाहिजेच, नाहीतर थोड्या दिवसांत वेल्डला तडा.

फिल्टर निवडताना कागदाचं क्षेत्रफळ बघा. कंपनीचा चपटा फिल्टर दिसतो छोटा, पण त्याच्या घड्या उलगडून हिशोब केला (घड्यांची संख्या गुणिले उंची गुणिले लांबी गुणिले दोन) तर तो बऱ्याच दिखाऊ कोनपेक्षा मोठा निघतो. तेलाचा कॉटन फिल्टर घेतलात तर धुतल्यावर तेल अगदी बेताने लावा, जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. धुळीत गाडी चालत असेल तर मी ड्राय फिल्टरच घेईन.

कापण्याआधी डमी बसवून बॉनेट बंद करून बघा, बॅटरी, फॅन, बेल्ट, स्टिअरिंगचं काही घासत नाही ना. कंपनीच्या होजवर जेवढ्या छोट्या नळ्या होत्या त्या सगळ्यांना नवीन पाइपवर जागा द्यायची, ब्रीदर (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणारी नळी), टर्बोत बायपास व्हॉल्व्हची (थ्रॉटल सोडल्यावर जादा हवा मागे फिरवणारी झडप) परतीची नळी, जे जे असेल ते, आणि ते सेन्सरच्या नंतरच, कारण ती हवा मोजलेली असायला हवी. ब्रीदरला छोटा फिल्टर लावून मोकळा सोडायची जी फॅशन आहे ती करू नका, त्या वाटेने न मोजलेली हवा आत येते. वेल्डिंग आणि ड्रिलिंग झालं की पाइप आतून धुवून, कापडाने पुसून, हवा मारून धातूचा एक कणही चुरा राहणार नाही असं बघा, टर्बोच्या पंख्याला अॅल्युमिनियमचा एक तुकडा पुरतो.

आता मेन गोष्ट, एअरफ्लो सेन्सर. हॉट वायर प्रकारात एक गरम तार किंवा फिल्म असते, हवा तिला गार करते आणि ती गरम ठेवायला लागणाऱ्या करंटवरून ईसीयू समजतो किती हवा आली. पण सेन्सरला फक्त त्याच्यासमोरून जाणाऱ्या हवेचा वेग कळतो, पाइप केवढा आहे हे त्याला माहीतच नाही, ते ईसीयूच्या टेबलमध्ये (सेन्सरच्या कुठल्या व्होल्टेजला किती हवा) लिहिलेलं असतं. सेन्सरची जागा ७० मिमीवरून ८० केली की क्षेत्रफळ ८० चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, म्हणजे १.३०६ पट झालं, तेवढ्याच हवेला वेग कमी, सेन्सर म्हणतो हवा कमी आली, पेट्रोल कमी सुटतं, गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ट्रिमने (पेट्रोल थोडं कमीजास्त करून) भरून काढायचा प्रयत्न करतो, बऱ्याच गाड्यांत ती मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास असते, ती संपली की पी०१७१ कोड आणि चेक लाइट. पण फुल थ्रॉटलला ईसीयू बहुतेक वेळा ट्रिम बघतच नाही, आणि नेमकं तिथेच लीन म्हणजे नॉकिंग, वितळलेला पिस्टन. म्हणून सेन्सरचा व्यास बदलणार असाल तर ट्यूनशिवाय (ईसीयूतले आकडे नव्याने बसवल्याशिवाय) गाडी पळवायची नाही, नाहीतर सेन्सरचं कंपनीचं घर तसंच ठेवा आणि बाकीचं बदला. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच दुसरा रस्ता घ्यावा.

घर बदलायचंच असेल तर सेन्सर सरळ तुकड्यात बसवा, आधी व्यासाच्या काही पट सरळ पाइप मिळेल तितका चांगला, वळणाच्या लगेच पुढे बसवला की हवा एका बाजूला ढकलली जाते आणि रीडिंग थरथरतं. जागाच नसेल तर आधी हनीकोंब जाळी टाका. बाणाची दिशा आणि आत घुसण्याची खोली कंपनीएवढीच, पॅड मशीन केलेला सपाट, ओ रिंग नवीन. आणि विसरू नका, मोठ्या घरात आयडलला सेन्सरचं व्होल्टेज फार खाली येतं, तिथे बारकावा कमी होतो आणि आयडल वरखाली व्हायला लागतो, वरच्या टोकाला रेंज वाढते ती याच्या बदल्यात.

काही गाड्यांत हा सेन्सरच नसतो, मॅनिफोल्ड प्रेशर आणि हवेच्या तापमानावरून हिशोब होतो, त्यांची सुटका बरीचशी झाली, पाइप बदलला तरी दाब मोजला जातोच. तरी लॉग बघाच, आणि तापमानाचा सेन्सर गरम धातूला टेकून बसवू नका.

ट्यूनच्या आधी गळती तपासा. स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारं) असेल तर उत्तम, नसेल तर इंजिन बंद ठेवून हलक्या दाबाची हवा देऊन जोडांवर साबणाचं पाणी. चालू इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधायचा जुना जुगाड नको, आग लागते. सेन्सरच्या नंतरची गळती गाडी लीन करते, आधीची गळती लीन करत नाही पण धूळ आत घालते, दोन्ही वाईटच.

मग टेबल. पूर्ण एअरफ्लो टेबलला आधी क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने गुणा, आपल्या उदाहरणात १.३०६, हा फक्त सुरुवातीचा अंदाज. इंजिन पूर्ण गरम करा, आणि आयडल, हळू, मध्यम असं स्थिर थ्रॉटलवर चालवत आरपीएम, सेन्सरचं व्होल्टेज, शॉर्ट आणि लाँग ट्रिम (तात्पुरती आणि साठवलेली दुरुस्ती), हवेचं तापमान, टायमिंग, नॉक हे सगळं लॉग करा. झटकन रेस दिलेले भाग फेकून द्या, ते खोटं बोलतात. दोन्ही ट्रिमची बेरीज करून व्होल्टेजप्रमाणे गट पाडा, २.२ व्होल्टला बेरीज +८ टक्के येत असेल तर तिथला आकडा १.०८ ने गुणा, -५ असेल तर ०.९५ ने. बदल केल्यावर ट्रिम रीसेट करा, परत लॉग, परत दुरुस्ती, तीन-चार टक्क्यांच्या आत आलं की पुरे, शून्याच्या मागे लागू नका. रेषा गुळगुळीत ठेवा, मध्येच खड्डा किंवा टेकडी दिसली तर बहुतेक तिथे गळती नाहीतर भोवरा आहे, तो टेबलमध्ये नाही, पाइपात दुरुस्त करायचा.

फुल थ्रॉटलसाठी वाइडबँड (मोठ्या पट्ट्यात मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) हवाच, कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या आसपास असेल तेव्हाच खरं सांगतो. टर्बो नसेल तर १२.५ ते १३, टर्बोला ११.५ ते १२ हा शुद्ध पेट्रोलचा सर्वसाधारण पट्टा. ट्यूनमध्ये १२.५ मागितलंय आणि वाइडबँड १३.२ दाखवतोय तर १३.२ भागिले १२.५, म्हणजे १.०५६ ने त्या व्होल्टेजचा आकडा वाढवा. रन करताना खालून वर जा, आधी ४००० पर्यंत, ठीक वाटलं तर पुढे, आणि मागितल्यापेक्षा लीन दिसला किंवा नॉक दिसला की लगेच थ्रॉटल सोडा. अजून एक, हे टेबल फक्त पेट्रोल ठरवत नाही, त्याच्यावरून लोड (इंजिनावरचा भार) निघतो आणि लोडवरून टायमिंग, त्यामुळे इंजेक्टरची किंवा पंपाची चूक इथे आकडे ठोकून झाकायची नाही, तसं केलं की मिश्रण बरोबर दिसतं आणि टायमिंग भलत्याच खान्यातून येतं. एअरफ्लो नीट बसल्यावरच टायमिंगला हात लावा.

शेवटी परत पहिलीच चाचणी, तोच दाबाचा फरक, तेच तापमान, आधीच्या लॉगशेजारी ठेवून. थोडे दिवस चालवल्यावर क्लॅम्प परत आवळा, फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवून बघा, धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही. ऋतू बदलला की ट्रिमवर एकदा नजर टाका. आणि कंपनीचा डबा जपून ठेवलात तर त्याच्यासोबत जुनी ट्यून फाइलही ठेवा, कारण नवीन टेबल ठेवून जुनं छोटं घर परत लावलं की ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा ३० टक्के जास्त वाटते, पेट्रोल धो धो सुटतं, प्लग काळे पडतात आणि पी०१७२ येतो.